मोजणीची वही

अनगोळच्या नाक्यापलीकडे पत्र्याची शेड,
तिच्यात एक लेथ, आणि लेथहून जास्त जागा खाणारं
बाबांचं चाक.

सायकलची रिम. बारा नळ्या, तिरप्या बसवलेल्या,
प्रत्येकीत एक छर्रा,
भंगारवाल्याकडून किलोवर आणलेला.
जादाचे छर्रे कुंद्याच्या रिकाम्या डब्यात;
झाकण काढलं की ग्रीस आणि खवा,
दोन्हींचा वास.

बाबांचं म्हणणं सरळ होतं.
उजवीकडचा छर्रा कडेला सरकतो, त्याचा हात लांब, तो ओढणार.
डावीकडचा आसाशी येतो, तो हलका पडणार.
"मग ह्येनं थांबायचं कशाला, सांग की."

मी नववीत. मला सांगता येत होतं.
डावीकडे कधीही मोजा, सात छर्रे. उजवीकडे पाच.
लांब हाताचे थोडे, आखडत्या हाताचे जास्त,
हिशेब तिथंच मिटलेला.
सांगितलं नाही.
माझं काम फेरे मोजायचं.

पहिलं चाक: सतरा.
तिसरं, एरंडेल पाजलेलं: एकतीस.
सहावं, बेअरिंग रॉकेलात धुऊन: चव्वेचाळीस आणि थोडं.
'थोडं'पुढे बाबांनी पेन्सिलीनं लिहिलंय: चार बोटं.
थांबायच्या आधी ते जरा उलटं फिरायचं,
शेवटची बस चुकलेला माणूस
स्टँडवर फिरतो तसं.
आई म्हणायची, लेथ फिरला तर पैसे पडत्यात,
ह्ये फिरलं तर नुसते छर्रे.

नववं चाक गुरुवारी सकाळी सुटलं.
दोनशे. चारशे.
दुपारी मी फेरे सोडून वेळ लिहू लागले.
मिनिटाला चार, खट्, खट्,
कुणी सुपारी फोडत बसल्यासारखं.
बाबा पोत्यावर तिथंच झोपले, म्हणजे झोपले नाहीत.
शनिवारी पंक्चरवाला दस्तगीर आला,
दाराशी चप्पल काढून आत आला.
रविवारी रिमवर कुंकू दिसलं.
आईला कुणी विचारलं नाही.

मंगळवारी रात्री बाराला मला जाग आली,
आवाज नव्हता म्हणून.
शेडमध्ये बल्ब. बाबा उकिडवे.
चाक उभं.
त्यांनी आधी जमिनीला तळहात लावला,
मग भिंतीला,
पलीकडे शिवपुत्रप्पांचा पॉवर प्रेस, त्या भिंतीला.
सहा दिवस दोन पाळ्या चालला होता.
बुधवारी सुट्टी.
हात बराच वेळ भिंतीवरच राहिला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर राहतो तसा.

गुरुवारी आठला पलीकडे धप् झालं.
एका नळीत छर्रा थरथरला, सरकला,
आणि चाक निघालं.

बाबांनी शर्ट बदलला. मला म्हणाले, वही घे.
शिवपुत्रप्पांच्या टेबलावर वीस रुपये ठेवले
आणि कानडीत सांगितलं,
तुमचं करंट सहा दिवस आमच्या चाकानं खाल्लंय.
त्यांनी वही उघडली. माझे आकडे
बोट ठेवून कानडीत वाचले, मोठ्यानं,
शाळेत पाढे म्हणतात तसे. बराच वेळ वाचले.
मग म्हणाले, मागच्या घरातली बाई रोज भांडायला येते,
फळीवरचे पेले पडतात म्हणून.
माझे हादरे खाणारा तूच पहिला.
नोट माझ्या वहीत घालून परत दिली. चहा मागवला.

त्यानंतर रोज संध्याकाळी भिंतीवरून हाक:
"निंतैतेनु?"
बाबा इकडून: "इल्ला!"
खरं काय ते दोघांनाही ठाऊक.

आणि दर मंगळवारी रात्री
बाराला पाच कमी असताना
बाबा उठून अरे दोन अरे म्हणत छर्रे निवांत करायचे,
चाकात हलक्या हातानं चिंधी अडकवायचे.
मी वहीत लिहायची: थांबवलं.
एकदा झोपेत 'थांबलं' लिहिलं,
तर त्यांनी पेन्सिल मागून घेतली
आणि मधे 'व' घातला.